करुणे, तुझं दुसरं कडवं

करुणे,

तू गेलीस त्याच्या पाचव्या दिवशी तुझ्या आईनं मला कामाला लावलं. हट्ट्याला, तुमच्या गावी, भेटायला गेलो होतो. चहाचा कप हातात धरून बसलो होतो. मावशीनं माझ्याकडं बघितलं आन् म्हणल्या, "बालाजी, रविवारी तिच्या नावानं जलदानाचा कार्यक्रम हाय. भन्तेजींची वंदना झाली की तिचं नवं गाणं लाव. लोकायला ऐकू दे."

मी म्हणलो, "मावशी, ते अर्धंच हाय. पहिलं कडवं तिनं म्हणलंय. दुसऱ्या कडव्याला नुसती गिटार वाजून राहिली, आवाजच न्हाई."

"मंग पुरं कर. माझ्या लेकराचं काय अर्धं गाणं वाजवतो का?"

झालं! एवढं बोलून त्या कप उचलून आत गेल्या. आता हे कडवं रिकामं काहून राहिलं ते तुला ठाऊक, मला ठाऊक. तू ते माझ्यासाठी लिहिलं होतंस आन् मी ते म्हणायला सपशेल नकार दिला होता. एक-दोनदा न्हाई, अख्खं वर्षभर. आपलं शेवटचं भांडणबी त्याच्यावरच झालं. तू ताडताड बस स्टँडकडं गेलीस, मी मागून हाक मारली न्हाई. दोन दिवसांनी तुला ताप आला. मला वाटलं, बरी झाली की भांडू. भांडायला कुठं घाई असते.

असू दे. रडगाणं तुला आवडायचं न्हाई, आपण पहिल्यापासून सुरू करू. तुला सगळं ठाऊक हाय, तरी मला सांगू दे. सांगताना बरं वाटून राहिलंय.

तू पहिल्यांदा आमच्या दुकानावर आलीस तेव्हा तुझी गिटार खताच्या पोत्यात होती. कव्हर न्हाई म्हणून तू पोतं शिवून घेतलं होतं, वर युरियाची छपाई. वसमतच्या मोंढ्यात आमची हळदीची आडत, बाबा गादीवर बसलेले. त्यांना वाटलं कुणीतरी नमुना दाखवायला माल आणलाय. त्यांनी हात घालून बघितला तर तारा लागल्या. "हे काय हाय पोरी?" तू म्हणलीस, "काका, गिटार. बालाजीकडं माईक हाय म्हणं, गाणं भरायचंय." माझ्याकडं तेव्हा लग्नाकार्याला भाड्यानं द्यायचे दोन माईक, चार स्पीकर आन् एक लॅपटॉप होता. एवढ्यावर मी स्वतःला साऊंड इंजिनियर म्हणवून घ्यायचो, आन् तू एकटीच अशी होतीस की जिनं त्यावर विश्वास ठेवला.

दुकानात गाड्यांचा आवाज, म्हणून आपण मागं गोदामात गेलो. मोसम भरात होता. तिन्ही बाजूंनी पत्र्यापर्यंत हळदीच्या पोत्यांची थप्पी लागलेली, मधी जेमतेम दोन खाटा मावतील एवढी जागा. तू मधोमध उभी राहून एक टाळी वाजवलीस. मंग अजून एक. मला वाटलं पोरगी सणकी हाय. तू म्हणलीस, "बाल्या, हितं आवाज घुमतच न्हाई. पोती सगळं पिऊन घेतात. पुण्याच्या लोकायला असं व्हावं म्हणून भिंतीला काय काय लावावं लागतं!" पहिल्याच भेटीत बाल्या. माझी आई सोडून मला कुणी बाल्या म्हणत नव्हतं.

बाबा म्हणले, "ऐन मोसमात गोदामात गाणं? माल खराब होईल." तू म्हणलीस, "काका, तुमची हळद नुसती पडूनच हाय ना, तिचंबी तेवढंच मनोरंजन." बाबा हसले. आमचे बाबा हसले हो! मी त्यांचा मुलगा असून मला हे वर्षाकाठी एकदा जमतं.

मंग आपला वेळ ठरला. सकाळचा सौदा उरकला की हमाल भाकर खाऊन रिकाम्या बारदान्यावर आडवे व्हायचे. तो दीड तास आपला. हट्ट्याहून बसनं यायचीस, पोत्यातून गिटार काढायचीस, आन् रहीमचाचा, आमचे हमालांचे मुकादम, दारात पहाऱ्याला बसायचे. "चुप बैठो रे सब, बेटी का गाना भर रहा है!" हे ते एवढ्या जोरात ओरडायचे की चांगली चांगली टेक त्यांच्याच आवाजानं वाया गेली. हळदीच्या धुरळ्यानं सगळ्यांना शिंका. तिसऱ्या गाण्यात चाचांची एक शिंक आजबी हाय. मी काढून टाकली होती, तू परत टाकायला लावलीस. म्हणलीस, "त्या ठिकाणी ढोलकीचा ठोका पाहिजेच होता." चाचा अजूनबी भेटेल त्याला सांगतात की आपण एका गाण्यात हाओत.

तुझं गाणं नेमकं कोणत्या जातीचं, हे वसमतमधी कुणाला कळलं न्हाई. भावगीत म्हणावं तर त्यात टमटमवाला, पिच्चरचं म्हणावं तर पिच्चर कुठाय? तुझे अण्णा गायन पार्टीत पेटी वाजवायचे. भीमजयंतीच्या स्टेजवर खुर्चीवर उभं करून त्यांनी तुला गायला लावलं तेव्हा तुझं नाक माईकच्या खाली येत होतं, असं तूच सांगितलं होतंस. तुझा सगळा धीटपणा त्या खुर्चीवरचा. पण तू लिहायचीस ते वेगळंच. हॉस्टेलच्या मेसवर गाणं, चार्जिंग संपल्यावर गाणं, बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोह्यात खोबरं कमी म्हणलं त्याच्यावर गाणं. पुण्याकडची पोरं याला इंडी पॉप म्हणतात, हे आपल्याला चॅनलखालच्या कमेंटवरनं कळलं. बाबांनी इचारलं, "म्हणजे काय?" तू म्हणलीस, "म्हणजे लिहायचं आपणच, चाल लावायची आपणच, आन् ऐकायचंबी पहिले सहा महिने आपणच."

आन् पुसेगाव! पुसेगाव आठवलं की मी एकटाच हसत बसतो, लोक बघतात. जावळाचा कार्यक्रम होता, त्यांना ऑर्केस्ट्रा पाहिजे होता आन् फोनवर मी बिनधास्त "व्हय, ऑर्केस्ट्राच हाय" म्हणून बसलो. गेलो आपण दोघंच. पाहुणे नाचायच्या तयारीत, आन् तू आपलं ते ब्रेकअपचं गाणं सुरू केलंस, दाणदाण गिटार, "जा जा, तुझा नंबर मी खोडला." मला वाटलं आता चपला येतात. पण ज्याचं जावळ होतं ते पोरगं सकाळपासून नुसतं किंचाळत होतं, ते गप झालं. दुसऱ्या कडव्याला झोपलं. तू गाणं संपवलंस, ते उठलं, भोकाड! पोराची आई स्टेजपाशी धावत आली, "ताई, तेच म्हणा, तेच!" परत म्हणलीस, परत झोपलं. दुसरं गाणं सुरू केलं की रडायचं, खोडलेल्या नंबरावर झोपायचं. सहा वेळा म्हणलीस करुणे, सहा! शेवटी शेवटी पंगतीतल्या बायाबी तुझ्यासंगं म्हणत होत्या. त्या भागात अजून तुला झोपीच्या गाण्याची बाई म्हणतात. परत येताना टेम्पोत तू म्हणलीस, "माझ्या काळजाचे तुकडे झाले तेव्हा लिहिलं होतं रे ते," आन् मंग हसून हसून तुला ठसका लागला.

आता 'थप्पी'ची गोष्ट. तुझा पहिला अल्बम, नऊ गाणी, नावबी गोदामावरूनच. आपण ओळीनं एक एक गाणं भरत होतो. चार झाली आन् हळदीला भाव आला. बाबांनी माल काढायला सुरुवात केली. आठवड्याला थोडी थोडी पोती कमी व्हायची, आपल्या ध्यानातच आलं न्हाई. मी मशीनवर बसलेला, तू डोळे मिटून गाणारी. नववं गाणं भरलं तेव्हा गोदामात कोपऱ्यात चार पोती आन् चाचा. सगळं जोडून ऐकलं तर काय! पहिलं गाणं कानाशी बोलल्यावाणी, आन् पुढं पुढं आवाज घुमत घुमत जाऊन शेवटच्या गाण्यात तू विहिरीतनं गाऊन राहिलीस. मी डोकं धरलं. पैल्यापासून भरू म्हणलो. चाचांनी ऐकलं आन् म्हणले, "बोरी निकल गई तो आवाज बी उघडी पड गई बेटी." तू म्हणलीस, "राहू द्या. जसं झालं तसं."

आन् नशीब बघ. पुण्याच्या एका ताईनं तुझी मुलाखत घेतली, व्हिडिओवर. मी तुझ्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार न्हाई असा. ताई म्हणली, "सुरुवातीच्या गाण्यांत एक कोंडलेपण आहे आणि शेवटाकडे आवाज मोकळा होत जातो. हा एका मुलीच्या मुक्तीचा प्रवास आहे, असं म्हणता येईल का?" मी खालून तुझ्या ओढणीचा शेव ओढला. हो म्हण, हो म्हण! तू सरळ तोंड करून म्हणलीस, "न्हाई हो ताई, हळद विकली गेली."

त्या दिवशी मी तुझ्याशी किती भांडलो. थोडं मोठं म्हणवून घ्यायला काय जात होतं? तू म्हणलीस, "खोटं काहून बोलू? खरं त्याच्याहून भारी हाय." आन् निघालं तुझंच बरोबर. ती मुलाखत गाण्यांपेक्षा जास्त लोकांनी बघितली. मोंढ्यात तर कहरच. शेतकरी दुकानावर यायचे आन् मालाच्या पैशाची पट्टी घ्यायच्या आधी इचारायचे, "पोरी, माझा माल कोणत्या गाण्यात हाय?" तू चेहरा गंभीर करून कानाला हेडफोन लावायचीस, डोळे मिटायचीस आन् सांगायचीस, "काका, तुमची पोती पाचव्या गाण्यात होती. दुसऱ्या कडव्यात गेली." माणूस छाती फुगवून जायचा. एवढं बेमालूम खोटं आन् मुलाखतीत मात्र खरं! याच्यावर मी तुला पकडलं तर म्हणलीस, "ते खोटं न्हाई, ती सेवा हाय."

मंग तू पुण्याला गेलीस. जायलाच पाहिजे होतं. कॉलेजांमधी कार्यक्रम, छोट्या हॉटेलात कार्यक्रम, अंधारात मोबाईलचे दिवे लावून पोरं तुझं गाणं म्हणायची, तू मला व्हिडिओ पाठवायचीस. मी दुकानात सगळ्यांना दाखवायचो. दोन वर्षांनी परत आलीस आन् मी तोंडावर म्हणलो, "काहून आलीस? तिथं चाललं होतं ना चांगलं?" हे मी बोलायला नको होतं. खरं तर तू बसमधनं उतरताना दिसलीस तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी माझी गाडी स्टँडवरच इसरून पायी घरी गेलो. पण तोंडातनं निघालं ते असं. तू म्हणलीस, "कार्यक्रम तिथं करते की, बस कुठं बंद पडली का? पण गाणं तिथं सुचून न्हाई राहिलं. तिथल्या खोलीत शिंकच येत न्हाई."

आन् मंग ते शेवटचं गाणं आणलंस. एक पोरगी वसमतच्या स्टँडवरून पुण्याच्या बसमधी बसलीय, खिडकीतून बोलून राहिलीय:

खिडकीतून हात काढू नको म्हणतोस,
मंग निरोप कशानं देऊ?
वसमतचं पिवळं बोटाला लागलंय,
पुण्यात कुठं पुसून ठेवू?

ऐकलं आन् मी मशीन बंद करून पाणी प्यायला गेलो. तहान नव्हती. आलो तर तू वहीचं दुसरं पान पुढं केलंस. "खाली उभा हाय तो काय म्हणतो, ते दुसरं कडवं. हे तू म्हण."

मी म्हणलो, मी गाणारा न्हाई, बटन दाबणारा हाय. तू म्हणलीस, गाणारा नकोच हाय मला. मी म्हणलो, पुण्याचा एखादा चांगला गायक घे. तू म्हणलीस, पुण्याच्या माणसाला त्या स्टँडवर कुठं उभं राहायचं ते तरी ठाऊक हाय का? असं वर्षभर. तू इचारायचीस, मी टाळायचो. शेवटच्या दिवशी मी चिडून म्हणलो, "तुला तुझं गाणं खराबच करायचं असेल तर दुसरा कुणी बघ." खरं काय ते आता सांगतो. भीती आवाजाची नव्हती. त्या कडव्यात जे लिहिलंय ते माईकपुढं म्हणलं असतं तर सगळ्या मोंढ्याला कळलं असतं की ते खरं हाय. तुलाबी कळलं असतं. तुला बहुतेक कळलेलंच होतं, म्हणून तर लिहिलंस. आन् मी असा की, तुझ्यापुढं हूं का चूं केलं न्हाई.

तर मावशीनं सांगितल्यावर मी पळवाट काढलीच. तुझ्या ओळखीचा पुण्यातला तो गायक, चांगला पोरगा, त्याला फोन लावला. तो एका पायावर तयार. गुरुवारी त्याला गाणं पाठवलं, शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. "दादा, ही पट्टी कुणी ठरवली? फार खाली आहे. मला बसत नाही. करुणाताईसुद्धा अवघडून गायली आहे, तिचा आवाज याच्यापेक्षा किती वरचा!" मी म्हणलो, व्हय, मीबी तिला हेच म्हणत होतो, तुझा गळा मोकळा होऊन न्हाई राहिला, दोन सूर वर घे. ती नुसतं "राहू दे" म्हणायची. तो म्हणला, एकदा बघा ना, दुसरी कुठली टेक आहे का.

म्हणून गोदामात लॅपटॉप उघडला. आवाजांच्या पट्ट्या एकाखाली एक: गिटार, 'मी' म्हणजे तुझा आवाज, टाळ्या, आन् खाली एक बंद करून ठिवलेली. तिला तू नाव दिलं होतंस, बाल्या. ही मी रोज बघायचो. वाटायचं, माझ्यासाठी धरलेली रिकामी जागा. रागानं कधी उघडलीच न्हाई. शुक्रवारी उघडली. त्यात मोंढ्याचा गलका. सकाळचा सौदा. ढिगापाशी उभा राहून बोली पुकारणारा मी. "बोला, बोला, पुढं बोला..." तू कधीतरी गर्दीत उभी राहून मोबाईलवर भरून घेतलं होतंस. मंग माझा आवाज बारीक होतो आन् तुझी गिटार येते. एक तार वाजवून बघतेस, न्हाई. दुसरी, न्हाई. माझ्या पुकारण्याच्या संगं गुणगुणतेस, खाली, अजून खाली, तुझा गळा खरखरायला लागेपर्यंत. आन् मंग हळूच, स्वतःशीच बोलल्यावाणी, "हां. हितं बसतंय त्याचं."

अगं, अख्खं गाणं तू माझ्या गळ्यावर बेतलं होतंस. स्वतः अवघडून गायलीस. आन् मी तुला शिकवत होतो, वर घे, वर घे. एवढा गाढव माणूस तू कशाला गं जवळ ठिवलास?

मी तिथंच बारदान्यावर बसून ढसाढसा रडलो. चाचांनी पाण्याचा तांब्या शेजारी ठिवला. मंग पुण्याच्या पोराला फोन केला आन् म्हणलो, दादा, राहू दे, माफ कर. तो समजदार, लगेच व्हय म्हणला.

शनिवारी भरून बघितलं. भरलं की पुसायचो, भरलं की पुसायचो. चाचा म्हणले, "मशीन पे तू जिंदगीभर मिटाताच रहेगा. जा के सामने गा दे."

रविवारी हट्ट्याला विहारापुढं मांडव. तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यातली माणसं. टेम्पो भरून आपले हमाल आलेले, बाबाबी आलेले. पुसेगावची ती बाई पोराला घेऊन आली होती, पोरगं आता चांगलं पळून राहिलं होतं. वंदना झाली, भन्तेजी बोलले, जलदान झालं. मी स्पीकर लावला, गाणं सुरू केलं आन् माईक हातात घेतला. बाबांनी भुवया वर केल्या. मावशी पहिल्या रांगेत, डोक्यावरनं पदर, मांडीवर हात.

तुझं कडवं संपलं. गिटार एकटी पुढं निघाली. मी तोंड उघडलं, आन् करुणे, आवाज जिथं ठिवला होतास तिथंच बसला. ओढावं लागलं न्हाई, दाबावं लागलं न्हाई. मी आपला बोलावं तसं गात होतो:

जा म्हणायला मी आलो नव्हतो,
थांब म्हणायची हिंमत न्हाई.
'पिशवी सांभाळ' एवढंच म्हणलो,
त्यात सगळं आलं का न्हाई?

गाण्यातला सवाल, त्याचं उत्तर कुणी देत नसतं. मी तुझ्या फोटोकडं बघत तसाच उभा राहिलो. आन् पहिल्या रांगेतून, माईक न्हाई काही न्हाई, मागच्या माणसालाबी ऐकू जाईल अशा आवाजात मावशी बोलल्या:

"आलं रे लेकरा. सगळं आलं."